शूटिंगच्या उजेडाची टिपणवही

पॅकअप झालं की सगळ्यात आधी मोडतो तो उजेड. सेट दोनचार दिवस तरी उभा असतो, कपडे ट्रंकेत जातात, हार्ड डिस्क तर जिवापाड सांभाळली जाते. दिवे मात्र तासाभरात स्टँडवरून उतरतात, केबल गुंडाळल्या जातात आणि सगळा पसारा भाड्याच्या गाडीत बसून परत जातो. पडद्यावर पडलेला प्रकाश कायमचा राहतो. तो पाडला कसा होता, दिवा किती फुटांवर होता, त्याच्यासमोर कोणतं कापड होतं, खिडकीबाहेर काय लावलं होतं, ऐनवेळी ढग आल्यावर कोणी काय शक्कल लढवली, हे सगळं चारपाच माणसांच्या डोक्यात उरतं. ती माणसं दुसऱ्या कामावर गेली की तिथेही पुसट होत जातं.

प्रकाशयोजना हे सिनेमातलं बहुधा सर्वांत कमी लिहून ठेवलेलं काम आहे. पटकथेच्या प्रती असतात, संवादांच्या वह्या असतात, कंटिन्युइटी बघणाऱ्याकडे नटाच्या शर्टाच्या बटणापर्यंतची नोंद असते. प्रकाशाची नोंद मात्र ज्याची त्याने ठेवायची. म्हणून प्रत्येक नव्या युनिटला जुन्याच चुका नव्याने आणि स्वतःच्या खर्चाने करायला लागतात. ज्यांनी नोंदी ठेवल्या, किंवा दुसऱ्याच्या सेटवर डोळे उघडे ठेवून उभे राहिले, त्यांचं पुढे काय झालं याची काही उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. त्यातली दोन माणसं इंग्लंडच्या लेस्टर शहराशी जोडलेली आहेत.

लेस्टर म्हटलं की आपल्याला आठवते बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी, नाहीतर २०१६ साली सगळ्यांचे अंदाज चुकवून प्रीमियर लीग जिंकणारा फुटबॉल संघ. रॉजर प्रॅट यांचं नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. हा सिनेमॅटोग्राफर १९४७ साली लेस्टरमध्ये जन्मला. टेरी गिलियमचा ‘ब्राझील’, टिम बर्टनचा १९८९ चा ‘बॅटमॅन’, हॅरी पॉटर मालिकेतला दुसरा आणि चौथा चित्रपट ही त्यांची कामं. ‘द एंड ऑफ द अफेअर’साठी त्यांना ऑस्करचं नामांकन होतं. लेस्टरचं दुसरं नाव रिचर्ड अ‍ॅटनबरो. त्यांचे वडील फ्रेडरिक १९३२ साली तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि रिचर्ड आणि डेव्हिड ही भावंडं त्या कॉलेजच्या आवारात वाढली. रिचर्डने तरुणपणी लेस्टरच्या लिटल थिएटरमध्ये कामं केली. पुढे दिग्दर्शक झाल्यावर १९९३ च्या ‘शॅडोलँड्स’पासून २००७ च्या ‘क्लोजिंग द रिंग’पर्यंत चार चित्रपटांसाठी त्यांनी कॅमेरा प्रॅट यांच्याकडे दिला.

प्रॅट एकदम मोठ्या दिव्यांपाशी पोचले नाहीत. ब्रिटिश पद्धतीत कॅमेरा विभागाला पायऱ्या असतात. आधी फिल्म भरणारा आणि क्लॅप देणारा मुलगा, मग फोकस सांभाळणारा, मग ऑपरेटर, आणि सगळ्यात शेवटी प्रकाशाचा निर्णय घेणारा. १९७५ च्या ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’वर प्रॅट कॅमेरा विभागात सहाय्यक होते. गिलियमची ओळख त्या काळातली. १९८३ मध्ये गिलियमच्या ‘द क्रिमसन पर्मनंट अ‍ॅश्युरन्स’ या लघुपटावर प्रॅट छायालेखक होते, आणि दोनच वर्षांनी ‘ब्राझील’ आला. मधल्या काळात त्यांनी माइक ली यांचा ‘मीनटाइम’ केला. लंडनच्या गरीब वस्तीतल्या खुराड्यासारख्या खोल्या, खिडकीतून येणारा राखाडी उजेड, दिवा लावायला जागाच नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्याच माणसाने पाइनवूड स्टुडिओत उभारलेल्या गॉथम शहराच्या अजस्र सेटवर रात्र उभी केली. एका कामात उजेड कमी कसा ठेवायचा ते कळलं की दुसऱ्यात काळोखाला आकार देता येतो. ‘बॅटमॅन’मधला अंधार नुसता काळा नाही. त्यात पायऱ्या, गल्ल्या, पाइप सगळं वाचता येतं. खुराड्यातली कामं पाठीशी नसती तर तो हात इतका आवरता राहिला असता, असं वाटत नाही.

पण आधीच्या शूटिंगवरून शिकण्याचं सर्वांत चोख उदाहरण शोधायचं तर लेस्टर सोडून कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी जायला हवं.

१९४९-५० च्या हिवाळ्यात फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेनुआ ‘द रिव्हर’चं चित्रीकरण करत होते. कॅमेऱ्यावर त्यांचा पुतण्या क्लोद रेनुआ. टेक्निकलरचं अवजड यंत्र, प्रखर दिवे, परदेशी तंत्रज्ञ, असा सगळा जामानिमा. तिथे सुब्रतो मित्रा हा विशीही न ओलांडलेला मुलगा सहाय्यक म्हणून घ्या असं सांगत आला. काम मिळालं नाही. बघायला मात्र परवानगी मिळाली. इतर कोणी हिरोइन बघून घरी गेलं असतं. हा मुलगा वही घेऊन बसला. दिवे कुठे आहेत, कॅमेरा कुठून कुठे सरकतो, नट कोणत्या जागी वळतो, प्रत्येक शॉटच्या आकृत्या काढून त्याने टिपणं केली. ती इतकी नेटकी होती की फेरचित्रीकरणाच्या वेळी आधीचा प्रकाश जुळवायला खुद्द क्लोद रेनुआने ती वही पाहायला मागितली. ज्याला युनिटमध्ये जागा नव्हती त्याची वही युनिटच्या उपयोगी पडली.

दोनतीन वर्षांनी सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ सुरू केला तेव्हा कॅमेऱ्यामागे सुब्रतो मित्रा होते. याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. अनुभव होता तो दुसऱ्याच्या शूटिंगचा, आणि तोही कागदावर उतरवलेला.

गंमत पुढेच आहे. त्या वहीतला प्रकाश मित्रांनी उचलून आपल्या चित्रपटात लावला नाही. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसमधल्या घराचा चौक हवा होता. पावसाळ्याच्या धास्तीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो चौक स्टुडिओत बांधला. मित्रांचा विरोध होता. बनारसच्या जुन्या वाड्यात ऊन थेट उतरत नाही. वरच्या चौकोनी आभाळातून येतो तो पसरलेला, सावली न पाडणारा उजेड. स्टुडिओतले दिवे सरळ मारले की एका माणसाला तीन तीन सावल्या पडतात आणि नाटकाचा रंगमंच दिसायला लागतो. वाद हरल्यावर मित्रांनी चौकाच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे नटांवर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. कापडावर आपटून परतलेला प्रकाश चौकात उतरला, अगदी आभाळातून यावा तसा. आज कुठल्याही सेटवर थर्माकोलचा पत्रा धरून ‘बाउन्स दे’ म्हणतात, त्या रीतीचा हा मोठा पूर्वज. पुढे मित्रांनी घरगुती बल्ब लाकडी पेट्यांत बसवून, तोंडाला पातळ आवरण लावून मऊ प्रकाशाचे स्वतःचे दिवेच तयार केले.

यामागचं शास्त्र अवघड नाही. सावलीची कड धारदार होते की विरघळते, हे दिवा किती वॅटचा यावर ठरत नाही. नटाच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आभाळात तो रुपयाएवढा दिसतो, म्हणून भर उन्हातली सावली कापल्यासारखी. तेच ढग आले की सगळं आभाळ दिवा होतं आणि सावली नाहीशी होते. मित्रांनी कापड ताणून छोट्या दिव्यांना आभाळाएवढं केलं. किंमत मोजावी लागते ती प्रखरतेची, कारण कापड बराच प्रकाश खाऊन टाकतं. कमी संवेदनशील फिल्मच्या त्या काळात हा सौदा धाडसाचा होता.

मराठी मुलखात ही शाळा त्याआधीच भरली होती. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले तेव्हा वॉल्टन इथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांनी पाहिला. दादरला परतल्यावर त्यांचा दिवा एकच होता, सूर्य. घराचा किंवा दरबाराचा सेट असला तरी तो उघड्यावर मांडायचा, आणि ऊन आहे तोवर काम उरकायचं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी ही चाकोरी मोडली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं, आणि भारतीय सिनेमात असं करणारे पहिले म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. गडावरचा रात्रीचा हल्ला दाखवायचा तर सूर्य कामाचा नव्हताच. पेंटर मुळात चित्रकार, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू अंधारात ठेवली की दुसरी बोलते, हे त्यांना कुंचल्याने आधीच शिकवलेलं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम १९२९ साली बाहेर पडले, त्यांनी ‘प्रभात’ काढली, आणि पेंटरांच्या सेटवरचं बघितलेलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

‘प्रभात’च्या माणसांना अपयशातून शिकायची खोड होती. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढायला शांतारामबापू १९३३ साली जर्मनीला गेले. रंग काही मनासारखे उतरले नाहीत, पैसा वाया गेला. पण जर्मन स्टुडिओंमधला तिरका, टोकदार प्रकाश आणि दूरचं जवळ आणणारी भिंगं ते बघून आले. पुण्याला हलल्यावर केलेल्या पहिल्या चित्रपटात, १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये, ते सगळं दिसतं. राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहन यांचा एक डोळा पडदाभर येतो. कॅमेऱ्यावर केशवराव धायबर होते. पाठोपाठ दोन वर्षांनी ‘संत तुकाराम’मध्ये व्ही. अवधूत यांनी प्रकाश अगदी साधा, देहूच्या घरातला वाटावा असा ठेवला. कंपनी एकच, पण गेल्या चित्रपटात जमलं तेच पुन्हा करू असा आळस नाही.

जाता जाता एक योगायोग. ज्या जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकलेतून तो तिरका प्रकाश सिनेमात शिरला, त्या चित्रकलेचा ब्रिटनमधला अतिशय महत्त्वाचा संग्रह लेस्टरच्या न्यू वॉक संग्रहालयात आहे. युद्ध चालू असताना, १९४४ साली, शत्रुराष्ट्रातली ही चित्रं तिथे प्रदर्शनात मांडली गेली आणि त्यातली काही संग्रहालयाने विकत घेतली. फ्रांत्स मार्क यांचं ‘रेड वुमन’ त्यातलंच. प्रकाशयोजना शिकणाऱ्याने तिथे एक दुपार घालवायला हरकत नाही.

आता मुंबई. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मधल्या स्टुडिओच्या गाण्यात वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा झोत सगळ्यांना आठवतो. सिनेमॅटोग्राफर व्ही. के. मूर्ती यांनी तो मोठ्या दिव्याने केला नाही. स्टुडिओबाहेर एक मोठा आरसा लावून त्यांनी ऊन पकडलं आणि आतल्या उंचावरच्या दुसऱ्या आरशावरून ते खाली वळवलं.

मोठा दिवा का चालला नसता? दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की प्रकाश निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. पाच मीटरवर जे शंभर, ते दहा मीटरवर पंचवीस. शिवाय दिव्याचे किरण पसरत जातात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर असल्यामुळे त्याचे किरण जवळपास समांतर येतात, आणि स्टुडिओच्या छतापासून जमिनीपर्यंतच्या अंतराने त्याला काहीच फरक पडत नाही. म्हणून झोताच्या कडा शेवटपर्यंत सरळ राहतात. हवेत धूळ किंवा धूर असेल तरच तो झोत दिसतो, तेही तितकंच खरं. हा चित्रपट १९५९ साली आला आणि पडला. त्याच्या प्रकाशावरून मात्र पिढ्या शिकल्या. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. सिनेमॅटोग्राफरला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मूर्ती स्वतः फली मिस्त्री यांच्या हाताखाली घडले होते. मूर्तींच्या हाताखाली गोविंद निहलानी होते. निहलानींनी स्वतंत्रपणे कॅमेरा धरला तो मराठीत, तेंडुलकरांच्या नाटकावरच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’साठी. आणि अ‍ॅटनबरो ‘गांधी’ करायला भारतात आले तेव्हा दुसऱ्या युनिटची जबाबदारी याच निहलानींवर होती. लेस्टरमध्ये वाढलेला दिग्दर्शक आणि मूर्तींच्या आरशाखाली शिकलेला छायालेखक एका युनिटात आले ते असे. त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं, आणि छायालेखनाचं बिली विल्यम्स आणि रॉनी टेलर यांना मिळून.

‘गांधी’तला अंत्ययात्रेचा प्रसंग दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ ला घेतला गेला. तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. इथे ना थर्माकोल चालतो ना जनरेटर. सूर्य किती वाजता कोणत्या बाजूला असेल, मिरवणुकीची तोंडं उन्हात येतील की पाठी, आणि कोणता कॅमेरा कुठे उभा केला की त्याच्या भिंगात ऊन घुसणार नाही, एवढंच माणसाच्या हातात. अशा वेळी आधीच्या कामांच्या नोंदी आणि रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, याच दोन गोष्टी उपयोगाच्या.

सूर्याच्या बाबतीत तर मुंबईची सवय लेस्टरला चालत नाही. लेस्टर ५२.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर चढतो. सहा फुटी माणसाची सावली चोवीस फूट पडते. त्याच दिवशी मुंबईत सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो आणि सावली साडेपाच फुटांची. मुंबईच्या युनिटला दुपार म्हणजे शत्रू: ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळोख, म्हणून जेवणाची सुट्टी तेव्हाच. लेस्टरच्या डिसेंबरात ढग नसतील तर अख्खा दिवस आपल्या संध्याकाळसारखा तिरका, सोनेरी उजेड मिळतो. पण दिवसच पावणेआठ तासांचा असतो. जूनमध्ये उलट, उजेड पावणेसतरा तास राहतो आणि रात्रीचं शूटिंग असेल तर अंधाराची वाट बघत युनिट ताटकळतं. ‘झिम्मा’सारखे मराठी चित्रपट आता इंग्लंडमध्ये चित्रित होतात. अशा युनिटमधल्या कोणी तारीख, वेळ, ठिकाण आणि सूर्याची दिशा लिहून ठेवली तर पुढच्या मराठी युनिटचा एक सबंध दिवस वाचू शकतो.

विजेचंही तसंच. ब्रिटिश घरातला चौकोनी पिनांचा सॉकेट १३ अँपियरचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण तीन किलोवॅट. दोन किलोवॅटचा दिवा चालेल, पाचचा नाही. आणि खोलीतले सगळे सॉकेट बहुतेक वेळा एकाच ३२ अँपियरच्या वर्तुळावर असतात. दोन मोठे दिवे लावले आणि त्याच वर्तुळावरच्या स्वयंपाकघरात कोणी चहाची किटली आणि हीटर एकदम चालू केला की सगळा सेट काळोखात. आता एलईडीमुळे हा ताण खूपच हलका झाला आहे, पण जुने टंगस्टन दिवे अजून गेलेले नाहीत.

एका बाबतीत मात्र भारत आणि ब्रिटन सख्खे शेजारी आहेत. दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झची. त्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २४ चौकटी घेताना शटर नेहमीप्रमाणे १८० अंशांवर ठेवलं तर एक चौकट १/४८ सेकंद उघडी राहते आणि लुकलुकीशी ताल जुळत नाही. १७२.८ अंशांवर ठेवलं की ती बरोबर १/५० सेकंद होते, प्रत्येक चौकटीत दोन पूर्ण लुकलुकी येतात आणि पट्टे दिसत नाहीत. मुंबईच्या कॅमेरा असिस्टंटला हा आकडा पाठ असतो. तोच लेस्टरला चालतो, ६० हर्ट्झच्या अमेरिकेत चालत नाही. बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळीची रोषणाई चित्रित करताना तर हे आधी तपासायलाच हवं, कारण स्वस्त एलईडी माळा स्वतःच्याच तालावर लुकलुकतात आणि कोणत्या माळेला काय लागतं हे मागच्या वर्षीच्या फुटेजइतकं चांगलं कोणी सांगत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पणतीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास तांबूस, आभाळात उरलेला उजेड निळा, आणि मध्ये रस्त्यावरचे दिवे तिसऱ्याच रंगाचे. पणतीचा तांबूस आणि आभाळाचा निळा असे दोन्ही रंग पाहिजे असतील तर हातात वीसेक मिनिटं असतात.

मग नोंद करायची ती काय? दिव्याचं नाव आणि वॅट लिहून भागत नाही. नटापासून अंतर, जमिनीपासून उंची, समोर बटर पेपर की कापड, उजेड अडवणारे कटर कुठे, भिंगाचं छिद्र, फिल्म किंवा सेन्सरची संवेदनशीलता, चेहऱ्याच्या उजळ आणि काळोख्या बाजूंचं मीटरवरचं माप. वरून पाहिल्यासारखी एक आकृती, आणि कॅमेऱ्याच्या मागून काढलेला सेटचा एक फोटो, ज्यात दिवे, स्टँड, दोऱ्या सगळं दिसतं. असे फोटो कोणी हौसेने काढत नाही, कारण त्यात नट नसतो आणि केबलचा गुंता असतो. कामाचे तेच.

याहूनही मोलाची म्हणजे कारणांची नोंद. ‘खिडकीबाहेर दोन दिवे’ एवढ्या वाक्यातून पुढचा माणूस नक्कल करू शकतो. ‘तीनला समोरच्या इमारतीची सावली खिडकीवर येते म्हणून दोन दिवे’ यातून तो विचार करू शकतो. आणि फसलेल्या गोष्टी तर आवर्जून लिहाव्यात: कोणत्या भिंतीचा रंग चेहऱ्यावर हिरवा उतरला, कोणता पंखा दिव्यासमोर फिरून घोटाळा करत होता, कुठे ठरवलेल्या एका तासाचे तीन तास झाले. जमलेल्या शॉटची जाहिरात पडदा करतोच. फसलेला शॉट संकलनाच्या टेबलावर मरतो आणि त्याबरोबर त्याचा धडाही.

पाश्चात्त्य सिनेमाने या बाबतीत एक सवय जोपासली. ‘अमेरिकन सिनेमॅटोग्राफर’ हे मासिक १९२० पासून निघतं आणि अमुक दृश्य कसं उजळलं हे करणाऱ्यांच्याच तोंडून छापतं. रॉजर डीकिन्स यांच्यासारख्या ज्येष्ठ ब्रिटिश छायालेखकाने तर आपल्या चित्रपटांमधल्या प्रकाशाच्या आकृत्या सगळ्यांना खुल्या केल्या. आपल्याकडे कसब म्हणजे गुपित हा समज अजून पुरता गेलेला नाही. सुब्रतो मित्रांनी मात्र उत्तरायुष्यात कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत विद्यार्थी घडवले.

काही धडे फार महागात पडलेले आहेत, आणि ते विसरण्याची मुभा कोणालाच नाही. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला आग लागली आणि ६२ माणसं गेली. ढिलं वायरिंग, भिंतींना गोणपाट, हवा खेळायला वाट नाही, मोठ्या दिव्यांची भयंकर उष्णता, अशी कारणं पुढे आली. यातलं एकही गूढ नव्हतं. कोणत्याही अनुभवी लाइटमनने ते सकाळी सेटवर पाऊल टाकताच पाहिलं असतं. १९ फेब्रुवारी २०२० ला चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर दिवे चढवलेली क्रेन कोसळली आणि युनिटमधले तिघे ठार झाले.

ब्रिटनमध्ये अशा गोष्टींची नोंद मर्जीवर सोडलेली नाही. वीज हाताळण्याचे १९८९ चे आणि उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम सेटलाही लागू आहेत. २०१३ च्या नियमांनुसार गंभीर इजेचीच नव्हे, तर काही धोकादायक घटनांचीही सरकारला खबर द्यावी लागते, मग कोणाला खरचटलेलं नसलं तरी. उदाहरणार्थ, वजन उचलणारं यंत्र कोसळणं. थोडक्यात बचावलो म्हणून नारळ फोडून पुढे जाणं आणि थोडक्यात का बचावलो हे लिहून ठेवणं यांत फरक आहे. आपल्या सेटवर नारळ फोडायला ना नाही, पण सोबत वहीही हवी.

जपणुकीच्या बाबतीत लेस्टरकडून घेण्यासारखं आणखी एक आहे. तिथल्या डी माँटफर्ट विद्यापीठात हॅमर या ब्रिटिश भयपट कंपनीच्या पटकथांचा संग्रह आहे. ज्यांना एके काळी समीक्षक हलक्यातले समजत, त्या चित्रपटांचे कागद आज विद्यार्थी अभ्यासतात. ब्रिटनमध्येच १९८७ पासून चित्रपट कामगार संघटनेच्या माणसांनी पडद्यामागच्या जुन्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला घेतल्या आणि शेकडो आयुष्यं साठवली. त्यात दिग्दर्शक आहेत तसे वीजकामगारही आहेत.

आपल्याकडे ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या ‘प्रभात’च्याच जागेतल्या, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा जळाला. चित्रफितीच जिथे गेल्या तिथे प्रकाशाच्या नोंदींचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. पण नोंदी अजून माणसांत शिल्लक आहेत. कोल्हापूरच्या जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओंमध्ये, मुंबईच्या फिल्मसिटीत आयुष्यभर दिवे उचलणारे, आज सत्तरीपलीकडचे लाइटमन घरी बसलेले आहेत. त्यांना कोणत्या सिनेमॅटोग्राफरने काय सांगितलं, कार्बन आर्कचा दिवा कसा सांभाळायचा, पावसात केबल कशी झाकायची, हे त्यांना अजून आठवतं. सिनेमाच्या विद्यार्थ्यांनी आणि अशा माणसांच्या नातवंडांनी मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करावं, चित्रपटाचं नाव, साल आणि ठिकाण विचारून घ्यावं, आणि ते ध्वनिमुद्रण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा जवळच्या विद्यापीठाकडे द्यावं. घरात एखादी तेलकट डागांची, आकृत्यांची वही सापडली तर ती रद्दीत देऊ नये.